स्पर्धेतील घोड्यांचे असंसर्गजन्य श्वसनविकार: निदान कसे करावे

प्रश्न असा आहे. आठ वर्षांचा इव्हेंटिंगचा, म्हणजे ड्रेसाज (शिस्तबद्ध चाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातील अडथळ्यांची दौड) आणि उड्या अशा तीन भागांच्या स्पर्धेचा घोडा गेल्या दोन महिन्यांपासून क्रॉस-कंट्रीच्या शेवटच्या टप्प्यात मंदावतो. काम सुरू करताना दुडकीवर एक-दोनदा खोकतो, मग दिवसभर खोकत नाही. ताप नाही, भूक उत्तम आहे, रक्ततपासणी सामान्य आली आहे आणि प्रतिजैविकांचे दोन कोर्स देऊनही फरक पडलेला नाही. तबेल्यात स्टेथोस्कोप लावून ऐकले तर फुप्फुसे स्वच्छ वाटतात. या घोड्याला असंसर्गजन्य श्वसनविकार आहे का, आणि ते कोणत्या तपासणीने ठरवावे?

एका तपासणीने हे ठरत नाही. घोड्याचा श्वसनमार्ग नाकपुडीपासून वायुकोशांपर्यंत (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत) लांबच लांब पसरलेला आहे आणि त्याच्या प्रत्येक भागातला बिघाड वेगळ्या वेळी, वेगळ्या श्रमात उघडा पडतो. म्हणून बिघाड कोठे असावा आणि तो कधी दिसेल याचा अंदाज आधी बांधायचा आणि मग त्या जागी, त्या वेळी तपासायचे, असा क्रम मी ठेवतो. स्पर्धेतील घोड्यांत प्रामुख्याने तीन गोष्टींचा विचार करावा लागतो: घसा आणि स्वरयंत्र या भागात श्रमाच्या वेळी होणारा अडथळा, खालच्या श्वसनमार्गाचा दाह म्हणजे ज्याला आता घोड्याचा दमा म्हणतात तो विकार, आणि जोरदार श्रमाने फुप्फुसात होणारा रक्तस्राव. तिन्ही एकाच घोड्यात असू शकतात, त्यामुळे एक सापडला म्हणून शोध थांबवता येत नाही.

त्याही आधी, दोष श्वसनसंस्थेचाच आहे का, हे पाहणे भाग आहे. शेवटच्या टप्प्यात मंदावणाऱ्या घोड्यांपैकी बरेच घोडे प्रत्यक्षात किंचित लंगडत असतात. हे लंगडणे दोन्ही पायांत सारखे असले तर डोळ्यांना दिसत नाही, फक्त घोडा जोर लावायचे टाळतो. हृदयाची लय अनियमित होणे, विशेषतः कर्णिकांचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे) कंपन, हे दुसरे कारण. ते काही वेळा श्रमाच्या वेळी सुरू होते आणि तबेल्यात परतेपर्यंत थांबलेलेही असते, म्हणून हृदयाचे ठोके काम संपताक्षणी ऐकावेत आणि शक्य असल्यास कामाच्या वेळचा ईसीजी घ्यावा. स्नायूंच्या विकारासाठी कामानंतर चार ते सहा तासांनी रक्तातील क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारे विकर) मोजणे उपयोगी पडते. या तीन गोष्टी बाजूला सारल्याशिवाय थेट फुप्फुसाकडे वळणे मला पटत नाही, कारण फुप्फुसात बारीकसारीक काही तरी जवळजवळ नेहमीच सापडते आणि मग खरे कारण मागे पडते.

विकार संसर्गजन्य नाही, हेही गृहीत धरता येत नाही. गुदद्वाराचे तापमान सलग काही दिवस सकाळ-संध्याकाळ नोंदवावे. एकदाच मोजलेल्या तापमानावरून फारसे कळत नाही. फायब्रिनोजेन आणि सीरम अमायलॉइड ए हे रक्तातील दाहदर्शक घटक दम्यात साधारणपणे वाढत नाहीत. ते वाढलेले असतील तर जिवाणूजन्य न्यूमोनिया, फुप्फुसावरणाचा दाह किंवा अलीकडचा विषाणूसंसर्ग यांचा शोध आधी घ्यावा लागतो. शेजारच्या घोड्यांना खोकला आला होता का, गेल्या महिन्यात लांबचा प्रवास झाला का, जबड्याखालच्या लसिकाग्रंथी सुजल्या आहेत का, हे विचारून आणि हाताने चाचपून घ्यावे. विषाणूसंसर्ग ओसरल्यानंतरचा खोकला काही आठवडे रेंगाळू शकतो. म्हणूनच दम्याचा विचार करताना लक्षणे किमान चार आठवड्यांची असावीत, असा संकेत आहे. या घोड्यात दोन महिने, ताप नसणे आणि प्रतिजैविकांचा परिणाम न होणे ही तिन्ही लक्षणे असंसर्गजन्य विकाराकडे बोट दाखवतात. मात्र दुसरा कोर्स देण्याआधीच श्वसनमार्गातला नमुना घ्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर येते ती विचारपूस करून मिळणारी माहिती, आणि निदानाचा सर्वांत स्वस्त पण सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. विश्रांतीत तो मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो आणि एका श्वासात साधारण पाच लिटर हवा आत जाते. भरधाव धावताना श्वासांची संख्या मिनिटाला १२० किंवा त्याहून अधिक होते आणि मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा दीड हजार लिटरांच्या वर जाते. एवढा प्रवाह सुरू झाला की घशातील मऊ भागांवर आत ओढणारा प्रचंड दाब पडतो आणि विश्रांतीत व्यवस्थित दिसणारा भाग श्रमात कोलमडू शकतो. कॅंटर आणि गॅलप या वेगवान चालींमध्ये श्वास टापांशी बांधलेला असतो: पुढचे पाय हवेत पुढे जाताना श्वास आत, ते जमिनीवर टेकताना श्वास बाहेर. ही जोडी ध्यानात ठेवली तर कुंपणाजवळ उभे राहूनही आवाज श्वास घेतानाचा आहे की सोडतानाचा, हे ओळखता येते.

आवाजाची चौकशी स्वाराकडेच करावी आणि ती नेमकी करावी. श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघरणारा, वेगाबरोबर वाढत जाणारा आवाज असेल तर स्वरयंत्राचा डावा भाग नीट उघडत नसल्याची शंका घ्यावी. श्वास सोडताना गुळण्या केल्यासारखा फडफडणारा आवाज, आणि त्याबरोबर घोडा एकाएकी थबकल्यासारखा मागे पडणे, हे मृदू टाळू स्वरयंत्राच्या वर सरकल्याचे लक्षण आहे. असे घोडे एक-दोनदा गिळतात आणि पुन्हा पूर्ववत धावू लागतात. मात्र अशा घोड्यांपैकी काही अजिबात आवाज करत नाहीत, म्हणून शांतता हा पुरावा नव्हे. आवाज स्पष्ट ऐकायचा असेल तर लहान ध्वनिमुद्रक नाकपुडीजवळ लगामाला बांधून काम करून घ्यावे. खर्च जवळजवळ नाही आणि वादही मिटतो. एकाएकी मागे पडणे आणि हळूहळू दम कमी पडत जाणे, यांतला फरक स्वाराला नेहमी विचारावा. पहिल्यात घशाचा दोष अधिक संभवतो, दुसऱ्यात फुप्फुसाचा किंवा श्वसनसंस्थेबाहेरचा.

खोकल्याबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खोकणाऱ्या घोड्याच्या खालच्या श्वसनमार्गात बहुधा काही तरी असते, पण सौम्य दाह असलेले अनेक घोडे खोकतच नाहीत. काम सुरू करताना दोन वेळा खोकला येणे हे ‘घसा साफ करणे’ म्हणून सोडून दिले जाते. माझ्या दृष्टीने तो दम्याचा सर्वांत विश्वासार्ह पहिला संकेत आहे. खोकला गव्हाणीत तोंड घातल्यावर येतो का, तबेला झाडताना येतो का, धूळ असलेल्या आतल्या मैदानावरच येतो का, घोडा चराईवर सोडल्यावर थांबतो का, की उलट उन्हाळी चराईवरच वाढतो, हे प्रश्न एखाद्या महागड्या यंत्राइतकीच माहिती देतात.

प्रत्यक्ष तपासणी सुरू करताना घोडा शांत उभा असताना दुरून पाहावे. विश्रांतीतच नाकपुड्या फुगलेल्या असणे, श्वास सोडताना पोट दुहेरी हलणे आणि बरगड्यांखाली स्नायूंची आडवी रेघ उठलेली दिसणे ही तीव्र दम्याची चिन्हे आहेत. असा घोडा बहुधा सात वर्षांहून मोठा असतो आणि त्याचे निदान माहिती व तपासणीवरूनच बरेचसे होते. आपला घोडा त्या गटातला नाही. त्याची विश्रांतीतली तपासणी सामान्य आहे, आणि सौम्य ते मध्यम दम्याच्या व्याख्येतच विश्रांतीत श्वासाला कष्ट नसणे अपेक्षित आहे. स्टेथोस्कोपने फुप्फुसे स्वच्छ वाटली याला म्हणून फार वजन देऊ नये. शांत घोडा इतका हळू श्वास घेतो की ऐकण्यासारखे काही निर्माणच होत नाही.

ऐकण्यासारखे निर्माण करायचे असेल तर मोठी प्लास्टिकची पिशवी वापरावी. ती नाकपुड्यांवर सैल धरावी आणि आत ओढली जाऊन नाकपुड्या बंद होणार नाहीत एवढी मोठी असावी. मिनिटभरात श्वास खोल होऊ लागतो. त्या वेळी मानेत श्वासनलिकेवर आणि दोन्ही बाजूंना छातीवर, विशेषतः मागच्या-वरच्या भागात ऐकावे. पिशवी काढल्यावर निरोगी घोडा काही श्वासांतच मूळ लयीवर येतो. बराच वेळ धापा टाकत राहणे, पिशवीत असताना खोकणे किंवा पिशवी अजिबात सहन न होणे या गोष्टी नोंदवाव्यात. श्वासनलिकेवर खडखड ऐकू आली तर आत श्लेष्मा साचला आहे असे समजावे. विश्रांतीतच धाप असलेल्या घोड्याला मात्र पिशवी लावू नये. त्याला तिची गरजही नसते.

आता दुर्बीण तपासणी, म्हणजे नाकातून लवचिक दुर्बीण घालून आतून पाहणे (एंडोस्कोपी). विश्रांतीतली एंडोस्कोपी शक्यतो गुंगीचे औषध न देता, नाक-ओठ पकडून करावी, कारण गुंगीने स्वरयंत्राच्या कडांची हालचाल मंदावते आणि नसलेला दोष दिसू शकतो. घोड्याला गिळायला लावावे, नाकपुड्या थोडा वेळ बंद धराव्यात आणि दोन्ही बाजूंच्या कडा पूर्ण उघडतात का, उघड्या राहतात का, हे पाहावे. स्वरयंत्राच्या विश्रांतीतील हालचालीची प्रतवारी १ ते ४ अशी करतात आणि तिचे तपशील २००३ च्या हेव्हमायर या तज्ज्ञांच्या कार्यशाळेत ठरले. दर्जा ४ म्हणजे डावी बाजू हलतच नाही, त्यात वाद नाही. दर्जा ३ मध्ये मात्र विश्रांतीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे: यातले काही घोडे धावताना ती बाजू व्यवस्थित उघडी ठेवतात, काहींची कोसळते. डाव्या बाजूलाच हे घडण्याचे कारण म्हणजे त्या बाजूची स्वरयंत्राची नस (मज्जातंतू) छातीत उतरून हृदयाजवळील महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर येते. ती शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतूंपैकी एक आहे आणि उंच घोड्यांत तिची झीज अधिक दिसते. अधिस्वरयंत्रावर (स्वरयंत्राच्या झाकणावर) श्लेष्मल पटल चढलेले असणे हा दोष बहुतेकदा विश्रांतीतच दिसतो. मृदू टाळूच्या बाबतीत मात्र विश्रांतीतली एंडोस्कोपी जवळजवळ निरुपयोगी आहे. दुर्बिणीखाली टाळू सरकलेला दिसणारे कित्येक घोडे धावताना निर्दोष असतात आणि ज्यांचा धावताना सरकतो ते दुर्बिणीखाली शांत उभे राहतात.

म्हणून आवाजाची किंवा एकाएकी मागे पडण्याची तक्रार असेल तर धावत्या घोड्याचीच एंडोस्कोपी करावी. आता दुर्बीण लगामाला व खोगिराला बांधून घोडा त्याच्या नेहमीच्या मैदानावर, नेहमीच्या स्वाराखाली चालवता येतो आणि चित्र बिनतारी पद्धतीने दिसते. ट्रेडमिलपेक्षा ही पद्धत मला अधिक विश्वासाची वाटते, पण एका अटीवर: तक्रार ज्या श्रमात उद्भवते तेवढा श्रम घोड्याकडून खरोखर करून घेतला पाहिजे. आरामात दोन फेऱ्या कॅंटर करून ‘दोष नाही’ असा अहवाल देण्यापेक्षा तपासणी न केलेली बरी. या घोड्याची तक्रार शेवटच्या टप्प्यात आहे, तेव्हा तो दमेपर्यंत, चढ आणि उड्या धरून काम व्हायला हवे. ड्रेसाज करणाऱ्या घोड्यात मान वाकवून हनुवटी आत घेतलेल्या अवस्थेतही चित्रण करावे. काही घोड्यांचे स्वरयंत्र किंवा घशाच्या भिंती मान वाकवल्यावरच आत येतात आणि मान मोकळी सोडली की सर्व काही ठीक होते. एका धावेत दोन-तीन दोष एकापाठोपाठ दिसणे हेही नेहमीचे आहे. कोणता आधी सुरू झाला हे चित्रण संथ गतीने पुन्हा पाहून ठरवावे, कारण शस्त्रक्रियेची निवड त्यावर अवलंबून असते.

त्याच दुर्बिणीने, लांबी पुरेशी असेल तर, श्वासनलिका तिच्या दुभाजनापर्यंत पाहून घ्यावी. श्लेष्म्याची प्रतवारी ० ते ५ अशी करतात: शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे सुटे थेंब, दोन म्हणजे थेंब एकमेकांत मिसळू लागलेले, आणि पुढे अखंड धार, तळे आणि विपुल साठा. शर्यतीच्या घोड्यांत दर्जा २ आणि त्यापुढचा श्लेष्मा खालावलेल्या कामगिरीशी निगडित असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. इतर क्रीडाप्रकारांत ही रेषा थोडी वर, ३ च्या आसपास धरतात. श्लेष्मा पाहायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे कामानंतर अर्धा ते एक तास.

हीच वेळ रक्तस्राव पाहण्याचीही आहे. जोरदार श्रमात घोड्याच्या फुप्फुसधमनीतील दाब विश्रांतीच्या कित्येक पट वाढून १०० मिमी पाऱ्याच्या आसपास जातो. वायुकोशांच्या भिंतीतील केशवाहिन्या तो ताण सहन करू शकत नाहीत आणि मुख्यतः फुप्फुसाच्या मागच्या-वरच्या भागात फुटतात. नाकातून रक्त येणे ही त्यातली दुर्मीळ अवस्था आहे, बहुसंख्य घोड्यांत रक्त फक्त दुर्बिणीने दिसते. कामानंतर ३० ते १२० मिनिटांत पाहावे, कारण खोलवरचे रक्त श्वासनलिकेत चढून यायला वेळ लागतो. प्रतवारी ० ते ४ आहे: १ मध्ये रक्ताचे ठिपके किंवा एक-दोन आखूड रेघा, ४ मध्ये श्वासनलिकेचा ९० टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग व्यापलेला आणि छातीच्या तोंडाशी रक्ताचे तळे. दर्जा १ पाहून कामगिरीचे कारण सापडले असे जाहीर करू नये. भरधाव धावणाऱ्या घोड्यांत तेवढे रक्त फार सामान्य आहे. एकदा काही दिसले नाही म्हणून रक्तस्राव नाही असेही म्हणता येत नाही. सलग दोन-तीन जोरदार कामांनंतर पाहिल्यास चित्र स्पष्ट होते.

दाहाचे निदान मात्र दुर्बिणीने पूर्ण होत नाही, त्यासाठी पेशी पाहाव्या लागतात. श्वासनलिकेतून द्रव ओढून घेण्याची पद्धत सोपी आहे आणि जिवाणूसंवर्धनासाठी तीच योग्य आहे, परंतु तिच्यात सगळ्या फुप्फुसांतून आणि घशातूनही आलेले मिश्रण सापडते. निरोगी घोड्याच्या श्वासनलिकेतही न्यूट्रोफिल (दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी २० टक्क्यांपर्यंत असू शकतात. दम्यासाठी फुप्फुसाचा दूरचा भाग धुवून घेतलेला नमुना, म्हणजे ब्राँको-अल्व्हिओलर लव्हाज, ज्याला सगळे बीएएल म्हणतात, हाच आधार. दोन्ही नमुने घ्यायचे असतील तर श्वासनलिकेचा आधी घ्यावा.

बीएएल घेताना घोड्याला गुंगीचे औषध आणि खोकला दाबण्यासाठी ब्युटॉर्फेनॉल द्यावे. सुमारे तीन मीटर लांबीची, टोकाला फुगा असलेली नळी नाकातून घालून श्वासनलिकेत सौम्य लिडोकेन सोडत सोडत पुढे न्यावी आणि हलकेच अडली की थांबून फुगा भरावा. न पाहता घातलेली नळी बहुधा उजव्या फुप्फुसाच्या मागच्या-वरच्या भागात जाऊन बसते. मग कोमट निर्जंतुक सलाइन २५० ते ५०० मिली आत सोडून लगेच हळुवार ओढून घ्यावे. निम्मे तरी परत यावे. बाटलीत द्रवावर साबणासारखा पांढरा फेस जमला पाहिजे. तो वायुकोशांतील पृष्ठक्रियाकारी पदार्थाचा असतो, आणि तो नसेल तर नळी योग्य खोलीवर पोहोचली नव्हती असे समजून नमुन्यावर विसंबू नये. सर्व द्रव एकत्र हलवून त्यातला भाग ईडीटीएच्या (गोठण रोखणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यावा, थंड ठेवावा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. सौम्य दाहात डाव्या व उजव्या फुप्फुसाचे निकाल नेहमी जुळत नाहीत. शक्य असेल तर दोन्हीकडचा द्रव घेऊन एकत्र तपासण्याकडे माझा कल असतो.

काचपट्टीच्या रंगाबद्दल प्रयोगशाळेला आधी विचारून घ्यावे. घाईचे झटपट रंग मास्ट पेशींचे (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींचे) दाणे नीट दाखवत नाहीत आणि मास्ट पेशींचा दमा त्यामुळे सहज निसटतो. गिम्सा गटातील रंग किंवा जोडीला टोलुइडिन ब्लू मागावा आणि किमान ४०० पेशी मोजायला सांगावे. जुना रक्तस्राव शोधायचा असेल तर लोहासाठीचा प्रशियन ब्लू रंग सांगावा. लोह गिळलेल्या भक्षकपेशी रक्तस्रावानंतर काही दिवसांनी दिसू लागतात आणि कित्येक आठवडे टिकतात, त्यामुळे त्या ‘केव्हा तरी रक्त आले होते’ एवढेच सांगतात.

आकड्यांचा अर्थ असा. निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल ५ टक्क्यांपर्यंत, मास्ट पेशी २ टक्क्यांपर्यंत आणि इओसिनोफिल (ॲलर्जीत आणि कृमींत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १ टक्क्यापर्यंत असतात. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनच्या २०१६ च्या सहमती-निवेदनाने, २५० मिली द्रव वापरून घेतलेल्या नमुन्यात न्यूट्रोफिल १० टक्क्यांहून, मास्ट पेशी ५ टक्क्यांहून किंवा इओसिनोफिल ५ टक्क्यांहून अधिक असल्यास सौम्य ते मध्यम दमा धरावा, असे सुचवले. तीव्र दम्यात न्यूट्रोफिल सामान्यतः २५ टक्क्यांच्या पुढे असतात. निरोगी मर्यादा आणि दम्याची रेषा यांच्यामध्ये जो धूसर पट्टा उरतो त्यात माहिती आणि लक्षणे निर्णायक ठरतात. न्यूट्रोफिल ८ टक्के असलेला पण न खोकणारा, उत्तम कामगिरी करणारा घोडा माझ्या लेखी आजारी नाही. तेच ८ टक्के, दोन महिन्यांचा खोकला आणि श्लेष्मा दर्जा ३ असे एकत्र आले तर मी उपचार सुरू करतो. तबेल्यात राहणाऱ्या घोड्यांत थोडा दाह इतका सर्रास आढळतो की केवळ टक्केवारीवरून रोग ठरवला तर निरोगी घोडा सापडणे कठीण होईल. न्यूट्रोफिल झिजलेले, फुटलेले आणि पोटात जिवाणू घेतलेले दिसले तर ते संसर्गाचे लक्षण आहे. इओसिनोफिल खूप वाढलेले असतील आणि घोडा गाढवांबरोबर चरत असेल तर फुप्फुसकृमी तपासावेत. तरुण घोड्यात फुप्फुसातून प्रवास करणाऱ्या गोलकृमींच्या अळ्याही असेच चित्र देतात.

नमुन्याची वेळही जपावी. लांबच्या प्रवासात डोके वर बांधलेल्या घोड्याच्या श्वासनलिकेत श्लेष्मा आणि न्यूट्रोफिल वाढतात, म्हणून प्रवासानंतर काही दिवस थांबावे. नमुना घेतल्यानंतर घोड्याला एक-दोन दिवस जोरदार काम देऊ नये. धुण्यानेच त्या भागात तात्पुरता दाह होतो, त्यामुळे लगेच पुन्हा घेतलेला नमुना दिशाभूल करतो.

बाकीच्या तपासण्यांवर या घोड्यात वेळ घालवण्याची गरज मला वाटत नाही. क्ष-किरण सौम्य दम्यात बहुधा काहीच ठोस दाखवत नाहीत. न्यूमोनिया, गाठी किंवा फुप्फुसतंतुमयता यांची शंका असेल तेव्हा ते घ्यावेत. सोनोग्राफीत फुप्फुसाच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या शेपटीसारख्या रेघा अनेक कारणांनी येतात. अन्ननलिकेतील फुग्याने छातीतील दाबाचा चढउतार मोजणे तीव्र दम्यात उपयुक्त आहे आणि १५ सेंमी पाण्याच्या पुढचा फरक अडथळा सिद्ध करतो, पण सौम्य दम्यात तो सामान्य असतो. श्वसनमार्गाची अतिसंवेदनशीलता मोजणाऱ्या हिस्टामिनच्या चाचण्या मोठ्या केंद्रांतच होतात. रक्तातील किंवा त्वचेवरील ॲलर्जी चाचण्यांनी दम्याचे निदान होत नाही आणि त्यांच्या लांबलचक याद्यांमुळे मालकाचे लक्ष गवताच्या धुळीवरून उडते.

औषध देऊन परिणाम पाहणे हा निदानाचा मार्ग म्हणून मी सावधपणे वापरतो. विश्रांतीत धाप असलेल्या घोड्याला श्वासनलिका सैल करणारे ब्युटिलस्कोपोलामिन प्रतिकिलो ०.३ मिलिग्रॅम शिरेतून दिल्यास दहा मिनिटांत श्वास सैल होतो, आणि अडथळा श्वासनलिकांच्या आकुंचनाचा होता हे तिथल्या तिथे दिसते. सौम्य दम्यात असा नाट्यमय फरक दिसत नाही. दाह कमी करणारे कॉर्टिकोस्टेरॉइड देऊन ‘बरे वाटले म्हणजे दमा’ असे ठरवणे अधिक धोक्याचे आहे, कारण दडलेला संसर्ग त्याने बळावू शकतो आणि नंतर घेतलेल्या नमुन्याचा अर्थ लावणे अवघड होते. शिवाय ही औषधे आणि क्लेनब्युटेरॉलसारखी श्वासनलिका रुंदावणारी औषधे स्पर्धेच्या नियमांखाली येतात. एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धेपूर्वी ती शरीरातून पूर्ण जाईपर्यंत किती काळ लागेल हे पाहिल्याशिवाय सुरू करू नयेत. आधी नमुना, मग स्टेरॉइड, हा क्रम उलटू देऊ नये.

परिसर बदलून पाहणे मात्र तपासणीही आहे आणि उपचारही. घोड्याचे नाक जिथे दिवसातले कित्येक तास असते त्या जागेची हवा तपासायची, तबेल्याच्या मध्यभागी उभे राहून नव्हे. मी गवताची मूठ उचलून उन्हाच्या तिरिपेत झटकतो, नाकाशी धरतो आणि गाठोड्याच्या मधला भाग उलगडून पांढुरका थर किंवा कुबट वास आहे का ते पाहतो. जाळीत उंच टांगलेल्या वाळल्या गवतात घोडा नाक खुपसून उभा राहतो आणि सर्वांत सूक्ष्म धूळ थेट आत घेतो. तेच गवत जमिनीवर, भिजवून किंवा वाफवून दिले तर धूळ पुष्कळ कमी होते. तबेला घोडा आत असताना झाडला जातो का, वरच्या माळ्यावर चारा साठवला आहे का, शेजारच्या खणात पेंढ्याचे अंथरण आहे का, हे मोतद्दाराला विचारावे, मालकाला नव्हे. आपला घोडा बदलला आणि शेजारचा तसाच राहिला तर हवा तीच राहते.

आपल्या घोड्यासाठी मी असा क्रम धरीन. आठवडाभर तापमानाची नोंद, लंगडेपणाची नीट तपासणी आणि काम संपताच हृदयाचे ठोके. त्यानंतर पिशवी लावून फुप्फुसे ऐकणे. पुढे प्रत्यक्ष क्रॉस-कंट्रीच्या तोडीचे काम करून घेऊन, स्वाराने आवाजाची किंवा थबकण्याची जराही तक्रार केली असेल तर धावती एंडोस्कोपी, आणि कामानंतर तासाभरात श्वासनलिकेत श्लेष्मा व रक्त पाहणे. एक-दोन दिवसांनी, घोडा शांत असताना, बीएएल. सुरुवातीचा खोकला आणि हळूहळू कमी पडणारा दम पाहता सौम्य ते मध्यम दम्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, पण घशातील दोष जोडीला नाही हे धावत्या घोड्यातच ठरेल. दम्याचेच निदान झाले तर परिसर बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच पद्धतीने, तेवढेच सलाइन वापरून आणि त्याच प्रयोगशाळेत बीएएल पुन्हा करावे. दरम्यान खोकला थांबला म्हणून ते टाळू नये, कारण स्टेरॉइडवर असलेल्या घोड्याचा खोकला पेशी कमी होण्याच्या कितीतरी आधी थांबतो आणि औषध बंद होताच, धूळ तशीच असेल तर, परत येतो.